चौथं लाकूड

सुतारानं चौकट खांद्यावरून उतरवून जिन्यातल्या भिंतीला टेकवली, तेव्हा आई हळदीकुंकवाची कोयरी घेऊन दारात उभीच होती. दारात म्हणजे जिथं दार असायला हवं होतं तिथं. पुण्यात घेतलेला आमचा फ्लॅट जुना, दुसऱ्या मजल्यावरचा. त्याच्या दर्शनी दाराची चौकट वाळवीनं आतून इतकी खाल्ली होती की बोटानं दाबलं तरी भुसा गळायचा. ती काढून टाकली. दोन रात्री त्या भगदाडाला प्लायवूडचा तुकडा आडवा लावून आम्ही झोपलो आणि तिसऱ्या दिवशी नवी चौकट आली. मला ती दुरुस्ती वाटत होती, आईला नाही. चौकट बसवायची म्हणजे मुहूर्त हवा, नारळ हवा, आंब्याचा टाळा हवा, सुताराला टॉवेल-टोपी हवी. गावाकडं भिंती गुडघ्याएवढ्या व्हायच्या आत चौकट उभी राहते, तिची पूजा होते, आणि मग भिंती तिला येऊन मिळतात. टोपी घालणारा सुतार आता कुठला, म्हणून टॉवेलावर भागवलं.

आईनं वरच्या पट्टीला हळदकुंकू लावलं, मग दोन्ही बाजूंना, आणि मग गुडघ्यावर हात ठेवून वाकत खालच्या आडव्या लाकडाला. त्याला जरा जास्तच लावलं. सुतार बघत राहिला. तो राजस्थानातला, बोलायला मऊ. काही म्हणाला नाही. चौकट भगदाडात उभी केली, ओळंबा सोडला, कोपऱ्यांना गुण्या लावून बघितला, दोन सूत इकडं सरकवली, एक सूत तिकडं. होल्डफास्ट भिंतीत धरले, गवंड्यानं सिमेंट भरलं. दुसऱ्या दिवशी सिमेंट धरल्यावर तो परत आला आणि हातोडीचे दोन ठोके घालून खालचं ते हळदकुंकू लावलेलं लाकूड उचकटून कोपऱ्यात भिरकावलं. ती साधी रीप होती. आणता-नेताना चौकटीचे पाय फाकू नयेत म्हणून तात्पुरती ठोकलेली.

‘अरे, उंबरा काढलास की!’ आई ओरडली.

‘माताजी, वो तो पट्टी थी. चौखट में नीचे अब कोई नहीं लगाता.’

पलीकडं घमेलं धूत बसलेला गवंडी मुर्शिदाबादचा. एवढ्यावरून त्याला सगळा मामला कळला. ‘हमारे उधर चौकाठ बोलता है,’ तो म्हणाला, आणि जिथून रीप निघाली होती नेमकी ती जागा त्यानं थापीनं दाखवली.

आईला या भाषिक देवघेवीत रस नव्हता. तिनं बोटं मोजली. वर एक, बाजूला दोन. ‘तीनच होतात,’ ती माझ्याकडं वळून म्हणाली. ‘मग हिला चौकट कशाला म्हणायचं?’

मी वर्तमानपत्रात 31 वर्षं उपसंपादकी केली. चौकट हा शब्द रोज रात्री निदान दहा वेळा तोंडातून जायचा. पुराची बातमी मुख्य घे, धरणांचे आकडे चौकटीत टाक. चौकट सहा ओळींनी वाढतेय, काप. मंत्र्याचा खुलासा चौकटीत नको, त्याला वाटेल आपण त्याला महत्त्व दिलं. चार रेघा ओढल्या की झाली चौकट. पत्ते खेळतानाही इस्पिक, बदाम, किलवर आणि चौकट, तिथंही चार रेघाच. फोटोची चौकट असते, कायद्याची असते, कुटुंबाची असते आणि मोडायला काढली की ती बहुतेक समाजाची असते. गेल्या काही वर्षांत सगळे व्याख्याते चौकटीबाहेरचा विचार करा म्हणून सांगतात. मूळ इंग्रजीत ते खोकं आहे. आपण मराठीत आणताना खोक्याची चौकट केली, आणि चौकटीबाहेर जाणं म्हणजे फक्त दारातून बाहेर पडणं, जे आपण दूध आणायलाही करतो, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

आईच्या प्रश्नाचं उत्तर त्या सुताराच्या आणि गवंड्याच्या बोलण्यातच होतं. चौ म्हणजे चार, हे सगळ्यांना कळतं. पुढचा ‘कट’ म्हणजे काठ, काष्ठ, लाकूड. चतुष्काष्ठ, चार लाकडं. बंगालीत काठ जसाच्या तसा शाबूत राहिला. हिंदीत त्यातला हकार अलीकडच्या अक्षरावर उडी मारून बसला आणि चौखट झाली. मराठीला शब्दाच्या शेवटचा हकार पुष्कळदा जड होतो. हाथचा आपण हात केला, भूखची भूक केली, साँझची सांज. तसाच इथंही तो गळाला आणि त्याच्याबरोबर शब्दातलं लाकूडही ऐकू येईनासं झालं. एकाच भगदाडापाशी उभी राहून तीन माणसं तीन प्रांतांतून आलेला एकच शब्द बोलत होती, आणि त्यातल्या फक्त गवंड्याच्या तोंडी लाकूड अजून लाकूड होतं. बंगालीत चौकाठ म्हटलं की मनात पहिल्यांदा खालचंच लाकूड येतं, ज्याला आपण उंबरा म्हणतो. म्हणून त्याची थापी बरोबर तिथं गेली.

सुतारांची ही मोजून नाव ठेवायची रीत साधी. तीन पायांची ती तिवई, चार पायांची ती चारपाई. नावातच हिशेब. गिऱ्हाइकाला फसवायला जागा नाही. चौकट मागितली आणि तीन लाकडं आली, तर आमची आई जे म्हणाली तेच म्हणायला हवं.

आमची जुनी चौकट चारांची होती. घर सांगली जिल्ह्यात, कृष्णेच्या काठी. औदुंबरचं दत्तस्थान तिथून सायकलनं जाण्यासारखं. भिंती भेंड्याच्या, म्हणजे उन्हात वाळवलेल्या मातीच्या कच्च्या विटांच्या, दोन-दोन हात जाड. दर्शनी दाराची चौकट मात्र सागवानी, माझ्या पणजोबांनी गावच्या सुताराकडून करून घेतलेली. पैसे किती दिले ठाऊक असणारं कुणी उरलं नाही. बलुत्यातच भागलं असेल. दोन्ही बाजूंना दोन बाह्या. वर गणेशपट्टी, तिच्यावर तळहाताएवढा गणपती, दर दिवाळीला लावलेल्या तेलानं आणि मधल्या एका काकांनी हौसेनं मारलेल्या ऑइलपेंटनं नाकडोळे बुजलेला. सोंड कुठल्या बाजूला आहे यावरून घरात वाद व्हायचे. आणि खाली उंबरा.

उंबरा आणि गणेशपट्टी ही दोन लाकडं बाह्यांच्या पलीकडं दोन्हीकडं वीत-वीतभर लांब ठेवलेली होती. ती टोकं भिंतीत गाडलेली, त्यामुळं चौकट भिंतीला धरून होती. बाह्यांच्या टोकांना कुसं काढलेली, वरच्या-खालच्या लाकडांत त्यांच्या मापाच्या खाचा, आणि सांध्यातून आरपार ठोकलेली लाकडी खुंटी. लोखंडाचा एक खिळा नाही. बिजागऱ्याही नव्हत्या. कवाडाच्या कडेच्या फळीलाच वर आणि खाली गोल कुसू सोडलेला असायचा. वरचा कुसू गणेशपट्टीमागच्या लाकडात आणि खालचा उंबऱ्यातल्या खळग्यात फिरायचा. म्हणजे दाराचा सगळा भार त्या खळग्यावर. पहाटे दार उघडलं की ते लांबलचक कण्हायचं आणि आख्ख्या वाड्याला कोण उठलं ते कळायचं. आजी महिन्यातून एकदा पळीनं त्या खळग्यात करडईचं तेल सोडायची. आता कळतं, त्या दाराला उंबरा हवा की नको असा प्रश्नच नव्हता. उंबरा काढला असता तर दार उभंच राहिलं नसतं. खालून दोन्ही बाह्यांना अंतरावर धरून ठेवणारं लाकूडही तेच, पुण्याच्या सुतारानं त्याच कामाला दोन दिवस रीप ठोकली होती.

तो उंबरा वीतभर रुंद आणि जमिनीपासून चांगला चार बोटं उंच. मधोमध झिजून खोलगट झालेला, डाव्या अंगाला जरा जास्त, कारण उजवं कवाड दिवसा बंदच असे. वळवाचा पाऊस तिरपा आला की त्या खोलग्यात चमचाभर पाणी साठायचं आणि चिमण्या ते प्यायला यायच्या. भेगांमध्ये हळदीचा थर बसलेला, नखानं उकरला तर पिवळ्याखाली आणखी गडद पिवळा, त्याखाली काळा. बाहेरच्या कडेला घोड्याचा नाल ठोकलेला. आमच्या घरात कधी घोडा नव्हता. नाल कुठून आला विचारलं की आजी म्हणायची, ‘रस्त्यात सापडला, म्हणून तर चांगला. विकत घेतलेल्याचा उपयोग नाही.’ अनवाणी पायाला तो नाल उन्हाळ्यात चटका द्यायचा, थंडीत गारठा.

उंबऱ्यावर बसायचं नाही. उंबऱ्यावर उभं राहून शिंकायचं नाही. उंबऱ्याच्या आतून बाहेरच्याला पैसे द्यायचे नाहीत, एकतर त्याला आत घ्यायचं नाहीतर आपण बाहेर जायचं. नवी नवरी आली की उंबऱ्यावर तांदळाचं माप, ते उजव्या पायानं ओलांडायचं. दिवेलागणीला तिथं कुणी रेंगाळायचं नाही, लक्ष्मी आत येत असते. कारणं विचारली की आजीचं ठरलेलं उत्तर, ‘बसून बघ, कर्ज होतंय का नाही ते.’ मी बसून बघितलं. कर्ज झालं, पण चाळीस वर्षांनी आणि बँकेचं, फ्लॅटसाठी. साधी कारणंही होती. अंगणातलं पाणी आत येत नसे, विंचूकाटा अडत असे, केर बाहेरच्या बाहेर राही, आणि रांगतं मूल तिथवर जाऊन पोट टेकून बाहेरची कोंबडी बघत बसे. ‘उंबरा ओलांडायला लागला’ हे आमच्याकडं मुलाच्या वाढीचं एक माप होतं, दात येण्यासारखं.

आमचा उंबरा सागवानी. पण नाव उंबराचं. लहानपणी हे दोन शब्द मला वेगवेगळे वाटायचे. नदीकाठचं ते उंबर वेगळं, खोडालाच फळं लगडणारं, ज्याचं फळ फोडलं की आतून केंबरं उडतात. आणि दारातला उंबरा वेगळा. संस्कृत कोशांनी मात्र उदुंबर या एकाच शब्दाखाली झाड लिहिलंय आणि घराची देहलीही लिहिलीय. तांबंही लिहिलंय, पिकल्या फळाचा रंग बघितला की त्याचं नवल वाटत नाही. गुजरातीत अजून झाडही उंबरो आणि दारातला उंबराही उंबरोच.

या झाडाचं लाकूड सुताराच्या दृष्टीनं फारसं मानाचं नाही. हलकं, भुसभुशीत, किडीला लवकर बळी पडणारं. कुणी उंबराची तुळई घालत नाही. पण पाण्याखाली ते टिकतं, म्हणून विहिरीच्या तळाशी बसवायला ते वापरत आले. आणि यज्ञात त्याला मान मोठा. सोमयागाच्या मंडपात मधोमध उदुंबराचा खांब रोवायचे, यजमानाच्या उंचीचा. त्याला औदुंबरी म्हणत, आणि सामगान करणारा उद्गाता तिला स्पर्श करून गाई. उदुंबर म्हणजे ऊर्जा, अन्नाचा सत्त्वांश, असं ब्राह्मणग्रंथ पुन्हापुन्हा सांगतात. घरात पाऊल टाकताना पहिल्यांदा पायाखाली काय असावं, याचं उत्तर कुणीतरी फार पूर्वी या झाडात शोधलं असेल, असं मला वाटतं. जमिनीच्या ओलीला टेकून राहणारं लाकूड हवं होतं, हाही सुतारी हिशेब त्यात असेल. दोन्ही असेल. पुढं लाकूड बदललं, साग आला, बाभूळ आली, नाव तेच राहिलं.

मग दगड आला, तरी नाव तेच राहिलं. हे मला सगळ्यांत विलक्षण वाटतं. मंदिराच्या गाभाऱ्याचं दार बघा, सिन्नरच्या गोंदेश्वरासारख्या यादवकाळातल्या देवळाचं. बाजूच्या दगडी पट्ट्यांना शिल्पग्रंथ शाखा म्हणतात. तीन पट्ट्या असल्या तर त्रिशाखा, मग पंचशाखा, सप्तशाखा, पार नवशाखेपर्यंत. वरच्या दगडाला उत्तरांग, त्याच्या मधोमध जी मूर्ती ते ललाटबिंब. आमची ऑइलपेंट फासलेली गणेशपट्टी ही त्याची खेड्यातली भाची. आणि खालच्या दगडाचं नाव काय, तर उदुंबर. त्याच्या मध्यभागी अर्धगोल फुगवटा असतो, तो मंदारक. दोन्ही बाजूंना डोळे वटारलेली कीर्तिमुखं. पुढं पाय ठेवायला चंद्रशिला. सगळा काळा बसाल्ट, आणि नावं फांद्यांची आणि झाडांची. पुजारी लगबगीनं त्या मंदारकावरून ढांग टाकून आत जातो, आपण वाकून हात लावतो आणि तो कपाळाला नेतो. दगडाला हात लावतो, नाव झाडाचं असतं.

कार्ल्याच्या चैत्यगृहात वर बघितलं की असंच वाटतं. डोंगर आतून कोरून केलेलं ते कमानदार छत. त्याला आधाराची काही गरज नाही, डोंगर स्वतःला पेलतोच. तरी त्या छताला खालून सागवानी फासळ्या बसवल्या आहेत, आणि जवळजवळ दोन हजार वर्षांनंतरही त्या तिथं आहेत. ज्यांनी आयुष्यभर लाकडाचीच सभागृहं बघितली त्यांना फासळ्यांशिवाय छत हे छत वाटेना. लोणावळ्याला चिक्की घेऊन परतणाऱ्या लोकांनी वाट थोडी वाकडी करून ती लाकडं जरूर बघावीत.

उंबरा आणि उंबर एकाच गोष्टीत भेटतात ते नरसिंहाच्या. हिरण्यकश्यपूला वर होता, घरात मरण नाही, बाहेर नाही, दिवसा नाही, रात्री नाही. म्हणून नरसिंहानं त्याला तिन्हीसांजेला उंबऱ्यावर घेतलं. इतपत सगळ्यांना पाठ असतं. पुढचा भाग आमच्या कृष्णाकाठी जास्त सांगतात, कारण तो गुरुचरित्राच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. दैत्याच्या पोटातल्या विषानं नरसिंहाची नखं जळायला लागली, लक्ष्मीनं उंबराची फळं आणली, त्यांत नखं रोवल्यावर आग शमली. म्हणून औदुंबराचं माहात्म्य. मारलं उंबऱ्यावर, निवाला उंबरात. ही गोष्ट मी लहानपणापासून पन्नासदा ऐकली असेल, देवळातल्या पारायणात पेंगत ऐकली, पण हे दोन शब्द शेजारी ठेवून बघायला मला पुण्यातल्या दुसऱ्या मजल्यावरची एक रीप निघावी लागली. गोष्ट रचणाऱ्यानं हे जाणून केलं का, कोण जाणे. शब्दांनी मात्र आपापसांत संधान बांधलेलं दिसतं.

आत नाही आणि बाहेर नाही, अशा जागेचं जुन्या पंडितांनाही आकर्षण होतं. देहलीवर ठेवलेला दिवा आत उजेड पाडतो तसा बाहेरही, म्हणून एकच शब्द वाक्यात दोन्हीकडं लागू पडला तर त्याला देहलीदीपन्याय म्हणायचं. व्याकरणातला सगळ्यांत सुंदर न्याय हाच. पण बोलणाऱ्या माणसांनी उंबऱ्याला पंडितांपेक्षा जास्त राबवलंय. गाव केवढं, तर शंभर उंबऱ्यांचं. घरं मोजायला भिंती नाहीत, छपरं नाहीत, उंबरे. काम होत नाही म्हटलं की कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, आणि हे ज्यानं पहिल्यांदा म्हटलं त्यानं आमच्यासारखा मधोमध खोलगट झालेला उंबरा डोळ्यांनी बघितला होता यात मला शंका नाही. आताच्या कचेऱ्यांत व्हिट्रिफाइड टाइल आहे, ती झिजत नाही, माणूसच झिजतो. आणि पीकविम्याच्या बातम्यांत एक शब्द यायचा, उंबरठा उत्पन्न. आधीच्या 7 वर्षांपैकी जास्त पिकलेल्या 5 वर्षांची सरासरी काढायची, तिला जोखीमस्तरानं गुणायचं, येईल ते त्या मंडळातल्या पिकाचं उंबरठा उत्पन्न. पीक त्याच्या खाली गेलं तर भरपाई. शब्द इंग्रजीवरून घडवला हे उघड आहे. पण शेतकऱ्याला तो समजावून सांगावा लागत नाही. उंबऱ्याच्या खाली गेलं म्हणजे घराबाहेर गेलं.

घराबाहेर कोण, हेही उंबऱ्यानंच ठरवलं, आणि ही त्याची चांगली बाजू नाही. पंढरपूरच्या महाद्वाराशी नामदेवांची पायरी आहे. तिच्यासमोर चोखोबांची समाधी आहे. 1338 साली मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून चोखोबा गेले. आयुष्यभर ज्या दारातून आत घेतलं नाही त्या दाराच्या बाहेर त्यांना जागा मिळाली. ते दार दलितांना उघडण्यासाठी साने गुरुजींना मे 1947 मध्ये प्राण पणाला लावून उपोषणाला बसावं लागलं. सहा शतकं. आजी ज्या नियमांनी आम्हाला उंबऱ्यावर बसू देत नव्हती, त्याच नियमांच्या पोटात आणखी एक नियम होता. आमच्या घरी दळण-कांडणाला येणारी बाई सूप घेऊन उंबऱ्याच्या बाहेर थांबायची आणि धान्य वरून तिच्या सुपात ओतलं जायचं. नाल ठोकलेली कड तिच्या बाजूला होती. ते मी बघितलंय आणि तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. घरातल्या बायकांचा उंबरठा वेगळा, तो आतून ओलांडायचा. जब्बार पटेलांनी 1982 साली शांता निसळांच्या ‘बेघर’ कादंबरीवर चित्रपट काढला आणि त्याचं नाव ‘उंबरठा’ ठेवलं. आई तो सांगलीला जाऊन बघून आली होती. काय वाटलं विचारलं तर म्हणाली, ‘स्मिता पाटील चांगली चालते.’ त्यावर अधिक काही ती आजवर बोललेली नाही.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा घरात आली. तशी ती 2005 मध्येही आली होती, पण तेव्हा घर तरुण होतं असं म्हणू. या वेळी पाणी उतरलं तेव्हा भेंड्याच्या भिंती ढेकळासारख्या विरघळून खाली बसल्या होत्या, कौलं चिखलात, आणि त्या सगळ्याच्या पुढं चौकट उभी. नुसती चौकट. चारही लाकडं एकमेकांना धरून. तिच्यातून पलीकडचा लिंब दिसत होता, शेजाऱ्यांची म्हैस दिसत होती. आई चिखल तुडवत आली आणि दोन्ही बाजूंनी मोकळं रान असताना त्या चौकटीतूनच आत गेली, उंबरा ओलांडून, पदर सावरत.

महिन्याभरानं जुन्या वस्तूंचा एक व्यापारी टेम्पो घेऊन आला. गावच्याच सुतारानं पटाशीनं सांध्यातला चिखल उकरला, चार खुंट्या मागून ठोकून बाहेर काढल्या, बाहीला खांदा लावून हिसका दिला, आणि चौकट सुटली. चार लाकडं होऊन जमिनीवर पडली. चतुष्काष्ठ हा शब्द मला तेव्हा ठाऊक नव्हता, असता तर तिथंच मोजलं असतं. व्यापाऱ्यानं आधी गणेशपट्टी उचलली. ऑइलपेंट काढून टाकला की हॉटेलवाले हात जोडून घेतात, म्हणाला. बाह्यांवर रंधा मारून बाकडं होईल, म्हणाला. उंबऱ्याकडं त्यानं बुटाच्या टोकानं बघितलं. ‘हे झिजलेलं कोण घेणार? जळणाला ठेवा.’ तीन लाकडं टेम्पोत गेली.

तर आता हिशेब असा आहे. आमच्या पुण्याच्या दाराला तीन लाकडं आहेत आणि घरात चौथं आहे. पण ते त्या दाराचं नाही. चार फूट नऊ इंच लांब, आणि फ्लॅटचं दार साडेतीन फुटांचं. सुताराला विचारलं, कापून बसवता येईल का. त्यानं हात फिरवला, नालाशी थांबला, खोलगट भागावरून अंगठा नेला आणि मान हलवली. ‘इसको मत काटो बाबूजी.’ मग मुर्शिदाबादच्या गवंड्यानं काळ्या ग्रॅनाइटची पट्टी बसवून दिली, दीड इंच उंच. आईनं तिला उंबरा म्हणून मान्यता दिली, पण थोडं हातचं राखून. रांगोळी काढायची, हळदकुंकू लावायची. ग्रॅनाइटवर हळद धरत नाही, दुपारपर्यंत कामवाल्या मावशींच्या फडक्यात जायची.

दोन वर्षांपूर्वी ती मोरीत घसरली आणि खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली, वॉकर आला, डॉक्टरांकडं न्यायला चाकाची खुर्ची आली. खुर्चीची पुढची चाकं दर वेळी त्या दीड इंचावर अडायची, मग मी मागून खुर्ची तिरपी करायचो आणि ती हातवे घट्ट धरून डोळे मिटायची. तिसऱ्या वेळेला तिनं सांगितलं, ‘काढून टाक ते. घरात अडकून पडायला नव्हता घातला उंबरा.’ कटरनं दहा मिनिटांत पट्टी निघाली. धूळ मात्र आठवडाभर निघत होती. आता आमचं दार तीन लाकडांचं, खाली सपाट टाइल, आणि आईचा वॉकर आतबाहेर करतो. तिच्या तोंडून तक्रार नाही. रांगोळीची जागा तिनं चार बोटं बाहेर सरकवली आहे.

जुना उंबरा गॅलरीत आहे. दोन विटांवर आडवा ठेवलाय, त्यावर तुळशीची कुंडी आणि कोरफड. कुंडीचं पाणी गळून त्या खोलग्यात साठतं आणि पुण्यातल्या चिमण्या नसल्या तरी बुलबुल येतात. सकाळी वॉकर घेऊन आई तिथवर जाते आणि बसल्या जागेवरून त्याला हळदकुंकू लावते. लाकूड ते धरतं.

तुमच्या गावाकडचं घर पाडायला निघालं असेल, तर व्यापारी येण्याआधी एक काम करा. गणेशपट्टीला भाव मिळतो, बाह्यांनाही मिळतो, ते विकायचं तर विका. उंबरा तेवढा मागून घ्या. तो कुणाला नकोच असतो, फुकट मिळेल.